बहिऱ्यांचा स्वर्ग

तिचं नाव घ्यायचं तर गालात बोट रुतवायचं. खळी. कागदोपत्री तिला दुसरं नाव होतं, पण ते तोंडाने उच्चारावं लागे. ती ज्या घरात वाढली तिथे तोंड जेवायला आणि हसायलाच वापरत. आईबाबा दोघंही जन्माचे बहिरे होते.

बहिऱ्यांच्या खुणांत माणसाचं नाव त्याच्या अंगावरच सापडतं. आईच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून ती तीळ. बाबांची उजवी भुवई एकटीच वर चढायची, म्हणून ते भुवई. बाबांचा कारखान्यातला मित्र साडेनऊ, कारण पत्रा कापायच्या यंत्राने त्याचं अर्धं बोट ठेवून घेतलं होतं. त्याच्या खुणा त्यामुळे जरा बोबड्या होत्या आणि सगळे त्याला त्यावरून चिडवत. चर्चचे पाळक बोलता बोलता सारखा चष्मा वर सरकवायचे. ते चष्मा. नाव आवडलं नाही म्हणून बदलून मिळत नसे.

घरात दाराची बेल वाजत नव्हती, दिवा उघडझाप करायचा. हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा. आई भांडी घासताना बोलायची आणि साबणाचा फेस भिंतीपर्यंत उडायचा. भांडणात जिंकायची तिची एकच युक्ती होती. ती डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटले की विषय मिटला. बाबा समोर हातवारे करून करून थकायचे, आणि मग खळीकडे वळून म्हणायचे, "बघ. ऐकणाऱ्यांच्या नशिबी हे सुख नाही. त्यांना कान मिटता येत नाहीत."

बाबा डब्यांच्या कारखान्यात होते. तिथल्या आवाजाने धडधाकट कानांचे लोकही काही वर्षांत ठार बहिरे व्हायचे. बाबा म्हणायचे, "मी तयारी करूनच गेलो होतो."

खळीला ऐकू यायचं. त्यामुळे ती बोलायला शिकली तेव्हाच दुभाषी झाली. डॉक्टर, घरमालक, शाळेतल्या बाई, कुणीही काही म्हटलं की ते तिच्या हातांतून जायचं. एकदा डॉक्टर आईला म्हणाले की यापुढे मूल होणार नाही. खळी तेव्हा इतकी लहान होती की तिचे पाय खुर्चीवरून लोंबत होते. तिने ते जसंच्या तसं सांगितलं. साखर लावली नाही. बाबा त्या दिवसापासून लोकांना अभिमानाने सांगत, "माझी मुलगी म्हणजे काच आहे. पलीकडचं जसं आहे तसं दिसतं."

मोठी झाल्यावर तिने तोच व्यवसाय केला. आठवडाभर रुग्णालयात आणि कोर्टात. न्यायाधीश ओरडले तर तिचे हात ओरडायचे. आरोपी रडत बोलला तर तिचा आवाज कापायचा. तिच्या स्वतःच्या मनात काय चाललंय ते मात्र हातांवर उमटायचं नाही. आणि रविवारी चर्चमध्ये. डावीकडचे पुढचे बाक बहिऱ्यांचे. व्यासपीठाशेजारी एक बुटकं स्टूल ठेवलेलं असायचं, त्यावर खळी उभी राहायची.

पाळक सरळ माणूस होते. बायबलमध्ये लिहिलंय ते तसंच घडलं आणि लिहिलंय ते तसंच घडणार, अशी त्यांची श्रद्धा होती. बहिऱ्यांनी त्यावर कधी वाद घातला नाही. सहा दिवसांत जग झालं हे ऐकल्यावर साडेनऊ एकदा म्हणाला होता, "आमच्या मुकादमाच्या हाताखाली चारच दिवसांत झालं असतं. झाकणं मात्र नीट बसली नसती." बाक हसून हलले. पाळकांनी काय झालं म्हणून विचारलं. खळीने तेही जसंच्या तसं सांगितलं. पाळकही हसले.

मग आई आजारी पडली. आजार लांबला, पण आशा लांबली नाही. शेवटच्या दिवसांत बाबा रुग्णालयात तिच्या पलंगाशेजारी बसून असायचे आणि दोघांच्या अखंड गप्पा चालायच्या. शेजारच्या खाटांवरच्या बायका म्हणायच्या, किती शांत जोडपं आहे. खळीला हसू यायचं. त्या खोलीत सगळ्यात जास्त बडबड तिथेच चालली होती.

एकदा बाबांनी विचारलं, "तिथे गर्दी असेल. मला शोधशील कशी?"

आई म्हणाली, "तू नुसती भुवई वर कर. मी येते."

त्या भरवशावर आई गेली. त्याच भरवशावर बाबा दफनाच्या प्रार्थनेला ताठ मानेने बसले.

पाळकांनी त्या दिवशी फार सुंदर संदेश दिला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "आपल्या बहिणीचं बहिरेपण त्या खाटेवरच गळून पडलं. लिहिलंय तसं झालं. तिचे कान उघडले. ती आत्ता, या क्षणी, देवदूतांचं गाणं ऐकते आहे. ती स्वतः मोठ्याने गाते आहे. त्या थकलेल्या हातांना आता बोलायचे कष्ट नाहीत."

खळी स्टुलावर उभी होती. आई खाली पेटीत होती. पाळकांचं वाक्य तिच्यापर्यंत आलं आणि तिच्या हातांतून गेलं. कान उघडले. तोंडाने गाते. हात आता लागत नाहीत. तिने काही गाळलं नाही, काही घातलं नाही. हात खाली आल्यावर तिला बाबांचा चेहरा दिसला.

आई गेली तेव्हाही तो असा नव्हता.

घरी आल्यावर बाबांनी बूट काढले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तिला ऐकू येतं आता?"

"पाळक तसं म्हणाले."

"आणि बोलते? तोंडाने?"

"तसं म्हणाले."

"मी गेलो की मलाही ऐकू येईल?"

"असं लिहिलंय म्हणतात."

बाबांनी बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. "मग ती मला हाक मारेल. मागून. ऐकणारे मागूनच हाक मारतात. मी वळणार नाही."

"का नाही वळणार?"

"तिचा आवाज मी ओळखणार कसा? कधी ऐकलाच नाही."

खळी त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसली.

"आम्ही कुठे भेटलो माहीत आहे ना तुला?"

तिला माहीत होतं. बहिऱ्या मुलांच्या शाळेत. तिथे खुणा करायला बंदी होती. मुलांनी तोंडानेच बोलायला शिकावं म्हणून हात पाठीमागे बांधून बसवत. घशावर बोटं ठेवून अक्षरं घोकून घेत. हात हलले की बोटांवर पट्टी बसायची. आई आणि बाबा डब्याच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे जाऊन बोलत. टाकीमागे त्यांनी लग्न ठरवलं होतं. हा किस्सा घरात शंभरदा हसत हसत सांगून झाला होता.

बाबा आता हसत नव्हते. "पाळकांचा स्वर्ग म्हणजे ती शाळाच की ग," ते म्हणाले. "सगळे तोंडाने बोलतात. हात कुणी हलवत नाही. आणि तीळ तिथे आनंदाने राहते आहे. तिला मी कशाला हवा?"

त्यानंतर बाबा चर्चला गेले नाहीत. साडेनऊ बोलवायला यायचा. बाबा डोळे मिटून घ्यायचे.

खळी पाळकांना भेटायला गेली तेव्हा ते चर्चमागच्या खोलीत माइकची वायर कोपराभोवती गुंडाळत होते. खोलीत जादा खुर्च्यांची उतरंड होती. त्यांनी वरची एक काढून फडक्याने पुसून तिला दिली.

"पाळकसाहेब, बहिऱ्यांना ऐकू येईल हे लिहिलंय, ते शब्दशः घ्यायचं का?"

"दुसरं कसं घेणार, बाळ?"

"त्याच ठिकाणी लिहिलंय की वाळवंट फुलेल."

"फुलेल की. देवाला काय अवघड आहे?"

ती नाइलाजाने हसली. मग म्हणाली, "बाबांना नकोय ऐकू यायला."

चष्मा वर गेला. "दुःखात माणूस काहीही म्हणतो."

"दुःखाच्या आधीही नको होतं."

पाळकांनी वायर खाली ठेवली. "तुला वाटतं मी हट्ट करतोय. मग मला सांग, थांबायचं कुठे? हे वाक्य म्हणजे नुसतं काव्य, असं मी आज म्हटलं. उद्या दुसरा येईल आणि म्हणेल, मेलेले उठतील हेही काव्यच. परवा तिसरा म्हणेल, प्रभूची कबर रिकामी नव्हतीच. मग तुझे बाबा तुझ्या आईला भेटणार कुठे? भेट होईल हेही त्याच पानांवर लिहिलंय ना?"

 ती विचार करत बसली. पाळकांनी तिला विचार करू दिला.

"प्रभू उठला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते," ती शेवटी म्हणाली. "तेही लिहिलंय. ते का नाही बरे झाले?"

"ते व्रण प्रेमाचे होते. बहिरेपण हे न्यून आहे."

"आमच्या घरात ते न्यून नव्हतं. आमचं घरच ते होतं."

 पाळकांनी उठून दार लोटलं. त्यांना जे सांगायचं होतं ते बहुधा फार जणांना सांगितलेलं नव्हतं.

"माझा धाकटा भाऊ कधी चालला नाही," ते म्हणाले. "मी त्याला पाठीवर घेऊन फिरायचो. शाळेत, नदीवर, सगळीकडे. मिसरूड फुटायच्या वयात गेला तो. बहिऱ्यांच्या त्याच वाक्याला लागून पुढे लिहिलंय की लंगडे उड्या मारतील. त्या एका वाक्यावर मी पाळक झालो, बाळ. तो कुठेतरी उड्या मारतोय. हे जर नुसतं काव्य असेल, तर माझी पाठ अजून रिकामीच आहे."

"त्याला उड्या मारायच्या होत्या?" खळीने विचारलं.

पाळक खुर्च्यांच्या उतरंडीकडे पाहत राहिले. "मी कधी विचारलं नाही," ते म्हणाले.

 मग त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली आणि ती घरी आली. येताना तिच्या लक्षात आलं की ज्या वाक्याने बाबा मोडले होते, त्याच वाक्यावर हा माणूस उभा होता. ते काढून घ्यायचं कसं, आणि ठेवायचं तरी कसं?

बाबांचं हृदय आधीच थकलेलं होतं. आता त्याने हात टेकले. फुप्फुसात पाणी साठू लागलं. रुग्णालयात खळीला सगळे ओळखत होते, तिच्या कामाचीच जागा ती. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. सवयीने तिने वळून ते बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, थोडे. खळी म्हणाली, "थोडे."

बाबांच्या उजव्या हातात सलाइनची सुई होती. ते एकट्या डाव्या हाताने बोलायचे. तोंडात घास धरून बोलावं तसं अर्धवट. समजून घ्यायला जवळ जावं लागे.

एका सकाळी ते म्हणाले, "मला भीती वाटते."

बाबांनी ही खूण स्वतःबद्दल केलेली तिने कधी पाहिली नव्हती.

"मरायची?"

"मरायची नाही. पोचायची."

खळी बाहेर व्हरांड्यात गेली. तिने पाळकांना फोन केला. "तुम्ही या," ती म्हणाली. "आणि बाबांना एवढंच सांगा, की ती तुला ओळखेल. तुमच्या भाषेत बोलेल. एवढंच."

"मला जे सांगता येईल ते मी सांगेन," पाळक म्हणाले. "जे लिहिलेलं नाही ते कसं सांगू?"

ते दुपारी आले. पावलं न वाजवता आले, जणू खाटेवरच्या माणसाची झोपमोड होईल. बाबांचा हात हातात घेऊन बसले. खळी पलीकडच्या बाजूला उभी राहिली, बाबांना दिसेल अशी. पाळकांना रडू येत होतं. ते मनापासून बोलत होते. त्यांच्याकडे जे सगळ्यात मोलाचं होतं ते त्यांनी पुढे केलं.

"भाऊ, घाबरू नकोस," ते म्हणाले. "तू डोळे मिटशील आणि तुझे कान उघडतील. आणि तुझ्या कानांवर पडणारा पहिला आवाज तुझ्या बायकोचा असेल."

बाबा खळीच्या हातांकडे पाहत होते.

ती जन्मभर काच होती. त्या क्षणी तिला ते जमलं नाही.

तिने हात उचलले आणि सांगितलं, "तीळ तुझी वाट पाहते आहे. तिचे हात जसे होते तसेच आहेत. ती हातांनीच बोलते. तुझेही हात राहतील. प्रभूच्या हातांवरचे व्रण राहिले, तसेच तुमचे हात राहतील."

बाबांची भुवई वर चढली. डाव्या हाताने त्यांनी विचारलं, "हे त्याचं की तुझं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आली नव्हती.

"त्याचं," खळी म्हणाली.

बाबांनी मान वळवली. पाळकांच्या हातातून स्वतःचा सुईचा हात सोडवून घेतला आणि थेट त्यांनाच विचारलं. आपले हात, तिचे हात, तसेच? खरं?

इतकी वर्षं बहिऱ्यांसमोर संदेश देऊनही पाळकांना खुणा येत नव्हत्या. खळी होती, त्यामुळे गरजच पडली नव्हती. त्यांना वाटलं, हा आपले आभार मानतो आहे. ते डोळे पुसत हसले. त्यांनी मान हलवली. हो, हो. पुन्हा हलवली. बाबांच्या खांद्यावर थोपटलं.

बाबा उशीवर मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. निदान खळीला तसं दिसलं.

व्हरांड्यात पाळकांनी विचारलं, "काय म्हणत होता तो?"

"विचारत होते, हे खरं ना."

"चांगलं झालं मी आलो," पाळक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबा मजेत होते. खळी दिवसभर त्यांच्याजवळ बसली. स्वयंपाकघरातला नळ गळतो, त्याचा वायसर बदलून घे, म्हणाले. निळा सदरा साडेनऊला दे, पण आधी धू, नाहीतर फुकटच्या सदऱ्यालाही नावं ठेवील. सलाइन लावणाऱ्या नर्सला त्यांनी खुणेचं नाव ठेवलं, नाक मुरडणारी. खळी पोट धरून हसली. तिला वाटलं, आपण चूक केली असेल, पण चुकीचं केलं नाही. संध्याकाळी साडेनऊ आला. म्हणाला, "तू जरा घरी जाऊन आंघोळ कर, चेहरा डब्याच्या जुन्या झाकणासारखा झालाय." ती गेली. परत येईपर्यंत बाबांना दुसऱ्या खोलीत हलवलं होतं आणि नाकातोंडात नळ्या होत्या. त्यानंतर ते बोलले नाहीत. पहाट होता होता गेले.

दफनाच्या दिवशी खळी स्टुलावर चढली नाही. "आज मी मुलगी आहे," तिने पाळकांना सांगितलं. पाळक तेच म्हणाले जे त्यांनी आईच्या वेळी म्हटलं होतं. कान उघडले. गाणं ऐकतो आहे. डावीकडच्या बाकांवरचे लोक त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत बसले. कुणी तिच्याकडे वळून विचारलं नाही. तिने कुणाला सांगितलं नाही.

काही दिवसांनी साडेनऊ घरी आला, निळा सदरा न्यायला. खळीने तो धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. त्याने सदरा मांडीवर घेतला आणि उठेना. तिने चहा केला. चहा प्याला तरी उठेना.

"काय झालं?" तिने विचारलं.

"एक सांगू का नको, ते ठरवतोय. तो म्हणाला होता सांगू नकोस."

"कोण?"

"भुवई. तू आंघोळीला गेलीस तेव्हा."

खळी खाली बसली.

"त्याला कळलं होतं," साडेनऊ म्हणाला. "पाळकांचं बोलणं तू सांगतेस तेव्हा तुझे डोळे पाळकांकडे असतात. त्या दिवशी तू एकदाही तिकडे बघितलं नाहीस. मान खाली घालून बोललीस, म्हणाला. तरी त्याला वाटलं, विचारून बघावं. चष्म्याला विचारलं, तर तो हसला. मरणाऱ्या माणसाने असं विचारल्यावर ज्याला कळलं असेल तो हसेल का?"

"मग बाबा इतके मजेत कसे होते?"

"तू मजेत होतीस म्हणून."

घरात काही हलत नव्हतं.

"तो घाबरलेला होता ग," साडेनऊ म्हणाला. "माझा हात असा धरून ठेवला होता. त्याला वाटत होतं, लिहिलेलं खरंच असणार. पाळक शिकलेला माणूस, आपल्यापेक्षा जास्त जाणणार. कान उघडले म्हणजे उघडले. मग तयारी करून जायला हवं. त्याला तुला एक विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर तुला कळलं असतं की तुझ्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसला नाही. म्हणाला, तिने माझ्यासाठी पहिल्यांदा खोटं सांगितलंय. ते तिच्या हातात परत कसं देऊ?"

"काय विचारायचं होतं?"

साडेनऊने सदऱ्याची घडी बाजूला ठेवली. दोन्ही हात मोकळे केले.

"तीळचा आवाज कसा होता."

खळीने त्याच्याकडे पाहिलं.

"आमच्यापैकी कुणी तो ऐकला नाही," तो म्हणाला. "तू एकटीने ऐकलास. तुला माहीत असणार, म्हणाला. कसा आहे ते कळलं असतं तर मागून हाक आल्यावर वळता आलं असतं. तेवढंच हवं होतं त्याला."

आईला आवाज होता. बहिऱ्यांनाही असतो. हसताना यायचा, ठेच लागली की यायचा, झोपेत यायचा. लहानपणी खळी त्या आवाजावर झोपत असे. ती चर्चमागच्या खोलीत जाऊन वाळवंटाबद्दल बोलून आली होती. खिळ्यांच्या व्रणांबद्दल भांडून आली होती. लिहिलेलं कसं घ्यायचं यावर तिने सगळं केलं होतं. हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"कसा होता?" साडेनऊने विचारलं.

तिने हात उचलले. 

"जाड," ती म्हणाली. "खोलवरून यायचा. एका दमात नाही, थांबत थांबत. हसायची तेव्हा आधी तिची छाती हलायची आणि मग आवाज यायचा. डोकं टेकलं की मला तो कानाआधी गालाला कळायचा."

साडेनऊ विचारात पडला. मग त्याने तळवा छातीवर ठेवला. दुसऱ्या हाताने विचारलं, "असा? मोठं यंत्र सुरू होताना पायांखालून अंगात चढतं, तसा?"

"हो. तसाच."

साडेनऊने डोळे पुसले. अर्ध्या बोटाने ते नीट जमत नव्हतं.

"मग तर त्याने ओळखला असता," तो म्हणाला.